‘अ व्हेरी पॉटर म्युझिकल’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं आहे तरी काय? सिनेमा, वेबसिरीज की नाटक?

नाटक, आणि तेही कॉलेजच्या मुलांनी बसवलेलं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बर या गावी, ९ ते ११ एप्रिल २००९ या तीन दिवसांत त्याचे प्रयोग झाले. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांचं हे संगीत विडंबन. दोन अंक, जवळजवळ तीन तास. संहिता मॅट लँग, निक लँग आणि ब्रायन होल्डन या तिघांची, दिग्दर्शन मॅट लँगचं, गाणी डॅरेन क्रिस आणि ए. जे. होम्स यांची. हॅरीचं काम क्रिसनेच केलं.

प्रयोग संपल्यावर त्याच उन्हाळ्यात मुलांनी चित्रीकरण यूट्यूबवर टाकलं. मित्रमंडळींना आणि घरच्यांना बघता यावं एवढाच हेतू होता. त्या काळी यूट्यूबवर दहा मिनिटांहून मोठा व्हिडिओ चढत नसे, म्हणून नाटकाचे तुकडे करून ते चढवावं लागलं. ते तुकडे ओळीने लावून लाखो लोकांनी नाटक पाहिलं. मधे एकदा मुलांनी ते काढून घेतलं, थोडी काटछाट केली आणि जुलै २००९ मध्ये पुन्हा टाकलं. या मुलांच्या संस्थेचं नाव स्टारकिड. ती आजही नाटकं करते.

‘पर्यायी विश्व’ म्हणतात ते यात कुठे येतं? साधं विडंबन आणि हे, यात फरक काय?

साधं विडंबन मूळ गोष्टीच्या मागेमागे चालतं. प्रसंग तोच, फक्त त्यात फजिती घालायची. पर्यायी विश्वाच्या विडंबनात लेखक मूळ जगातली एखादी गोष्ट बदलतो आणि मग त्या बदललेल्या जगाचं काय होईल ते शेवटपर्यंत पाहतो. पात्रं ओळखीची, शाळा ओळखीची, पण वाट वेगळी.

या नाटकात असे बदल बरेच आहेत. सगळ्यात मोठा बदल काळाचा. पुस्तकांत जे सात वर्षांत घडतं त्यातलं निवडक सगळं इथे एकाच वर्षात कोंबलं आहे. पहिल्या पुस्तकातला प्रोफेसर क्विरेल, चौथ्यातली स्पर्धा आणि ड्रॅगन, सहाव्यातला डम्बलडोर आणि स्नेपचा प्रसंग, सातव्यातला शेवटचा सामना. मूळ कथेत चौथ्या वर्षापर्यंत क्विरेल केव्हाच मेलेला असतो. इथे तो जिवंत आहे, आणि त्याच्या डोक्याच्या मागे हॅरीचा शत्रू, दुष्ट जादूगार व्हॉल्डेमॉर्टही जिवंत आहे. या एका बदलातून पुढचं निम्मं नाटक उभं राहतं.

दुसरा बदल स्वभावाचा. पुस्तकातला हॅरी प्रसिद्धीला बुजतो. कपाळावरची खूण लोक बघतात, तर त्याला चोरट्यासारखं होतं. नाटकातल्या हॅरीला आपण हिरो आहोत हे पक्कं ठाऊक आहे आणि ते त्याला मनापासून आवडतं. गिटार घेऊन फिरतो, मित्रांना गृहीत धरतो, जिनी त्याच्या प्रेमात बुडालेली आहे हे त्याच्या गावीही नसतं. लेखकांनी इथे मूळ कथेला एक फार नेमका प्रश्न विचारला आहे : अकरा वर्षांच्या पोराला अख्खं जग ‘तूच तो’ म्हणत असेल, तर तो इतका नम्र कसा राहील?

गोष्ट थोडक्यात सांगाल का? शेवट नको.

सुट्टी संपवून हॅरी आणि त्याचे मित्र रॉन आणि हर्माइनी हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत परततात. क्विरेलने एक जुनी प्रथा पुन्हा सुरू केलेली असते, हाउस कपची स्पर्धा. आपण पुस्तकांत वाचलेला हाउस कप म्हणजे वर्षभराच्या गुणांची बेरीज. इथे ती जिवावरची स्पर्धा आहे, चारही गटांतून एकेक जण उतरवायचा. ग्रिफिंडॉरकडून हॅरी, हफलपफकडून सेड्रिक, रेव्हनक्लॉकडून चो चँग, स्लिदरिनकडून ड्रॅको. हे सगळं कशासाठी, तर हॅरीला अडकवून व्हॉल्डेमॉर्टला स्वतःचं शरीर परत मिळवून द्यायचं. पहिल्याच फेरीत ड्रॅगन येतो आणि हॅरी त्याच्यासमोर गिटार काढून गाणं म्हणतो.

शरीर मिळाल्यावर व्हॉल्डेमॉर्ट जगाला धडकी भरवण्याआधी काय करतो? नाचतो. इतकी वर्षं पाय नव्हते, आता आहेत, म्हणून नाचतो. ‘टू डान्स अगेन’ हे त्याचं गाणं संपूर्ण नाटकातलं सगळ्यात दणकेबाज गाणं आहे.

मूळ पुस्तकं वाचली नसतील तर कळेल का?

हसू येईल, पण निम्मंच. पहिली चार पुस्तकं तरी वाचून मग बघा असं मी सांगेन, आणि शक्य असेल तर सातही. केवळ सिनेमे पाहिले असतील तरी चालतं, कारण गोष्टीचा सांगाडा माहीत असतो. पण संहितेतले सगळ्यात बारीक विनोद पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी आहेत. मराठीतून वाचायची असतील तर मंजुल प्रकाशनाने काढलेले अनुवाद आहेत, त्यावर विसंबून हे नाटक बघायला काहीच हरकत नाही.

सगळे क्विरेल आणि व्हॉल्डेमॉर्टबद्दलच का बोलतात?

कारण तिथेच या नाटकाचा जीव आहे. मला कुणी विचारलं की विडंबन कसं लिहावं, तर मी या दोघांचे प्रसंग दाखवते.

मूळ कथेतली वस्तुस्थिती आठवा. क्विरेलच्या फेट्याखाली, डोक्याच्या मागच्या बाजूला, व्हॉल्डेमॉर्टचा चेहरा आहे. पुस्तकात हे शेवटी उघड होतं आणि अंगावर काटा येतो. तिथे प्रसंग संपतो. या मुलांनी विचारलं की हे दोघं वर्षभर एका शरीरात राहत असतील तर त्यांचे दिवस कसे जात असतील? झोपायचं कसं? एकाला पाठीवर झोपायची सवय असेल तर दुसऱ्याचं नाक उशीत. एकाला बाग करायला आवडते, पुस्तकं आवडतात, शेकोटीजवळ बसून चहा प्यायला आवडतो. दुसऱ्याला माणसं मारायला आवडतात. ‘डिफरंट अ‍ॅज कॅन बी’ हे त्यांचं गाणं म्हणजे एका खोलीत राहणाऱ्या दोन अगदी वेगळ्या माणसांची कुरकुर आहे, आणि ती कुरकुर हळूहळू लळ्यात बदलते.

रंगमंचावर हे दाखवायला त्यांनी कुठलीही यांत्रिक करामत वापरलेली नाही. क्विरेल झालेला ब्रायन रोझेनथाल आणि व्हॉल्डेमॉर्ट झालेला जो वॉकर, दोघं पाठीला पाठ लावून एकाच झग्यात. चालायचं तर दोघांनी मिळून, वळायचं तर दोघांनी मिळून. एक पुढे बोलतोय आणि दुसरा प्रेक्षकांना पाठमोरा, मग दोघं गर्रकन फिरतात. पैसा कमी असल्यामुळे सुचलेली ही युक्ती आहे हे उघड दिसतं, आणि तीच विनोदाला सगळ्यात जास्त साथ देते. महागडा मेकअप केला असता तर बघणारा मेकअपकडे बघत बसला असता.

यात विनोद आहे, पण टवाळी नाही. लेखकांनी एक अशक्य कल्पना घेतली आणि तिच्याशी शेवटपर्यंत इमान राखलं. पुढे व्हॉल्डेमॉर्टला स्वतंत्र शरीर मिळतं तेव्हा दोघांची ताटातूट होते. इतका वेळ हसणारा प्रेक्षक तिथे गप्प होतो. ‘मिसिंग यू’ या गाण्यात ते एकमेकांची आठवण काढतात, आणि आपल्याला जगातल्या सगळ्यात क्रूर जादूगाराबद्दल वाईट वाटतं. मूळ सात पुस्तकांत व्हॉल्डेमॉर्टला मित्र नाही. त्याला मित्र मिळाला असता तर? हा प्रश्न कुठल्याही गंभीर समीक्षकाने विचारावा असा आहे, आणि तो विचारला गेला एका कॉलेजच्या विनोदी नाटकात.

ड्रॅकोचं काम मुलीने का केलं आहे?

लॉरेन लोपेझने केलं आहे आणि उत्तम केलं आहे. तिचा ड्रॅको लहानखुरा, लाडावलेला, सतत कुठेतरी रेलणारा, मधेच जमिनीवर लोळणारा पोरगा आहे. पुस्तकातला ड्रॅको टोचून बोलतो आणि बापाच्या नावाने धमक्या देतो. लोपेझने त्यातला बालिशपणा तेवढा उचलला आणि मोठा करून दाखवला. तिची हालचाल बघताना कळतं की हे पात्र तिने शरीरातून शोधलं आहे; वाक्यं नंतर आली असावीत इतकं ते अंगात मुरलेलं आहे.

या ड्रॅकोला हॉगवर्ट्स आवडत नाही. त्याला पिगफार्ट्सला जायचं आहे. पिगफार्ट्स ही मंगळावरची जादूची शाळा, आणि तिचे मुख्याध्यापक रंबलरोअर नावाचे बोलणारे सिंह. मूळ पुस्तकांत याचा मागमूसही नाही. तरी चाहत्यांच्या बोलण्यात ही शाळा इतकी रुजली की कधीकधी नवख्या वाचकाला ती खरंच पुस्तकातली वाटते.

झॅक एफ्रॉनचं पोस्टर, रेड व्हाइन्स हे काय प्रकरण आहे?

झॅक एफ्रॉन हा त्या काळी शाळकरी मुलामुलींचा लाडका नट, त्याच्या एका संगीतपटमालिकेमुळे. नाटकात त्याचं पोस्टर हे हॉरक्रक्स निघतं, म्हणजे व्हॉल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा त्यात दडलेला. पुस्तकांत हॉरक्रक्स असतात ते सोन्याचे चषक, प्राचीन लॉकेट, संस्थापकांच्या वस्तू. त्यांच्या जागी भिंतीवरचं पोस्टर. रेड व्हाइन्स ही अमेरिकेत मिळणारी लाल, दोरीसारखी गोड कांडी. रॉन ती सदोदित चघळत असतो. पुस्तकातला रॉन खादाड आहेच, त्याच्या हातात एक वस्तू दिली की पात्र पूर्ण झालं.

हर्माइनीची इतकी चेष्टा का केली आहे? मला ते खटकलं.

मलाही खटकतं. जो तो तिला कुरूप म्हणतो आणि ते फार वेळा येतं. पहिल्या अंकात हसू येतं, दुसऱ्यात कंटाळा. पण एक लक्षात घ्या, पुढच्या भागात, म्हणजे ‘अ व्हेरी पॉटर सिक्वेल’मध्ये, लेखकांनी तिला ‘द कूलेस्ट गर्ल’ हे गाणं दिलं आहे आणि ते थट्टेचं नाही. सगळ्यांचा गृहपाठ करणारी, सगळ्यांना वाचवणारी आणि कुणाच्याच खिजगणतीत नसलेली मुलगी तिथे स्वतःबद्दल बोलते. आणि या पहिल्या नाटकातही नाताळच्या नृत्यसोहळ्यात ती सजून येते तेव्हा रॉन आणि ड्रॅको दोघंही एकाच वेळी तिच्यावर भाळतात, त्याचं ‘ग्रेंजर डेंजर’ हे गाणं ऐका. दोन शत्रू वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहून तीच घालमेल गातात. रचना म्हणून ते गाणं अव्वल आहे.

सगळे विनोद आजही चालतात का? लहान मुलांना दाखवावं का?

दोन्हीला उत्तर एकच : सगळे नाही. चो चँग इथे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या हेल काढून बोलणारी मुलगी आहे. त्यावरचा विनोद लोकांच्या पूर्वग्रहांवर बोट ठेवायला जातो खरा, पण आज बघताना अवघडल्यासारखं होतं. समलैंगिकतेवरचे काही विनोदही २००९ सालच्या कॉलेजमधले आहेत आणि तिथेच राहायला हवे होते असं माझं मत आहे. शिव्या आणि लैंगिक सूचक बोलणं बऱ्यापैकी आहे. पुस्तकं आठ-नऊ वर्षांची मुलं वाचतात, हे नाटक त्यांच्यासाठी नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसोबत घरच्यांनी आधी स्वतः पाहून मग ठरवावं.

दुसऱ्याची पात्रं घेऊन नाटक लिहायचं म्हणजे चोरी नाही का? मूळ लेखिकेचा अपमान नाही का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

अपमानाचं आधी. विडंबन ज्याचं करायचं ते लेखकाच्या तोंडपाठ असावं लागतं. आपल्याकडे अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली तेव्हा ज्या कवींची त्यांनी गंमत केली, त्यांची वृत्तं, त्यांचे लाडके शब्द, त्यांची ढब सगळं त्यांना अवगत होतं. अवगत नसतं तर ती गंमत साधलीच नसती. या मिशिगनच्या मुलांचंही तसंच आहे. यांच्यातले बहुतेक जण हॅरीबरोबर वाढलेले. शेवटचं पुस्तक २००७ मध्ये आलं आणि दोनच वर्षांत हे नाटक उभं राहिलं. त्यातलं ‘नॉट अलोन’ हे गाणं ऐकून मग सांगा की हे लोक पुस्तकांची खिल्ली उडवत होते.

आता कायदा. अमेरिकेत विडंबनाला बरीच मोकळीक आहे. १९९४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका जुन्या लोकप्रिय गाण्याच्या रॅप विडंबनाच्या खटल्यात सांगितलं की पैसे कमावणारं विडंबनसुद्धा ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर, ठरू शकतं. मात्र ते आपोआप ठरत नाही, प्रत्येक वेळी तपासावं लागतं. स्टारकिडने शहाणपणा असा केला की या नाटकाची गाणी आपल्या संकेतस्थळावरून फुकट दिली.

सगळीकडे असं होत नाही. रशियात दिमित्री येमेत्स या लेखकाने २००२ मध्ये तान्या ग्रोटर नावाच्या मुलीची मालिका सुरू केली. चष्मा, खूण, अनाथपण, जादूची शाळा, सगळं जुळणारं. तिचा डच अनुवाद निघणार होता, तो अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने २००३ मध्ये रोखला. हे विडंबन आहे हा बचाव तिथे टिकला नाही. मला हे दोन निकाल शेजारी ठेवून बघायला आवडतात. नुसतं नाव फिरवून तीच गोष्ट पुन्हा सांगणं आणि मूळ गोष्टीला उलटा प्रश्न विचारणं, यांत अंतर आहे.

भारतात असं काही घडलं आहे का?

दोन प्रसंग सांगण्यासारखे. २००७ मध्ये कोलकात्यात सॉल्ट लेकच्या एका दुर्गापूजा मंडळाने हॉगवर्ट्सच्या किल्ल्यासारखा मंडप उभारला. प्रकरण थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने त्या वर्षीचा मंडप राहू दिला, पण पुढे परवानगीशिवाय असं करू नये असं बजावलं. दुसऱ्या वर्षी ‘हरी पुत्तर’ नावाचा हिंदी चित्रपट आला. हॅरी पॉटरचे सिनेमे काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सने नावावर हरकत घेतली. सप्टेंबर २००८ मध्ये त्याच न्यायालयाने ती फेटाळली. ज्याने हॅरी पॉटर वाचलाय तो या नावाने फसणार नाही, असा सूर होता. त्या चित्रपटाचा पॉटरच्या कथेशी तसा संबंधही नव्हता, त्यामुळे त्याला विडंबन म्हणता येणार नाही. तो वाद फक्त नावाचा.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला वेगळं कलम नाही. कलम ५२ मध्ये खासगी वापर, टीका आणि समीक्षण यांसाठी सूट आहे. विडंबन त्यातल्या टीकेत बसवता येईल का, यावर वकील वाद घालतात.

आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला हे नाटक करायचं आहे. चालेल का?

संहिता शोधणं फारसं कठीण नाही. पण लक्षात ठेवा, इथे दोन जणांचे हक्क गुंतलेले आहेत : नाटक लिहिणाऱ्या मुलांचे आणि मूळ पात्रांच्या मालकांचे. स्टारकिडला लिहून विचारा. तिकीट लावू नका. जाहिरातीत सिनेमाचा लोगो किंवा फोटो वापरू नका. एखाद्या एकांकिका स्पर्धेत उतरवायचा विचार असेल तर आधी त्या स्पर्धेचे नियम वाचा. स्वतंत्र संहिता मागणाऱ्या स्पर्धेत हे बसणार नाही.

तांत्रिक बाजूने म्हणाल तर अवघड काही नाही. नेपथ्य जेमतेम आहे. अवघड आहे ते गाणं. जिवंत वाद्यं आणि सुरात गाणारी सात-आठ मुलं नसतील तर निवडक प्रवेश करा. क्विरेल-व्हॉल्डेमॉर्टचे प्रवेश घ्या, त्याला दोन नट आणि एक मोठा झगा पुरतो.

मराठीत आपणच असं काही नवं लिहावं असं वाटतं. सुरुवात कुठून करू?

जरूर लिहा. मला यात सगळ्यात जास्त रस आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे हॉगवर्ट्स उचलून पुण्यात किंवा कोल्हापुरात आणून ठेवू नका. हॅग्रिडच्या हातात मिसळ दिली आणि झाडूऐवजी खराटा दिला की एक पान हसू येतं, दुसऱ्या पानावर ओढून ताणून चाललेलं दिसतं. मी वाचलेली बहुतेक हौशी विडंबनं याच जागी दमतात. नावं बदलणं हा बदल नाही. नियम बदलला तर गोष्ट बदलते.

मूळ कथेतली अशी जागा शोधा जिच्यापाशी लेखिका थांबलेली नाही. जादूच्या शाळेत गणित कोण शिकवतं? कुणीच शिकवत नसेल तर ग्रिंगॉट्स बँकेत हिशेब कसे होतात? हफलपफच्या मुलांना प्रत्येक वर्षी बाजूच्या वर्गातल्या तीन पोरांमुळे मरणाच्या दारात जावं लागतं, त्यांच्या पालकांचं म्हणणं काय? या शेवटच्या प्रश्नाच्या आसपास मॅट कॉक्स या नाटककाराने २०१५ मध्ये ‘पफ्स’ नावाचं नाटक लिहिलं. हॅरीच्या सातही वर्षांत मागच्या बाकावर बसलेल्या मुलांची ती गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये ते २०१९ पर्यंत चाललं.

जागा सापडली की एकच बदल करा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा. पात्रांना आपण विनोदी आहोत हे माहीत असू नये. व्हॉल्डेमॉर्ट नाचतो तेव्हा तो मनापासून नाचतो, प्रेक्षकाकडे डोळा मारत नाही. आणि जे पात्र तुम्हाला अजिबात आवडत नाही त्याला एक तरी चांगलं गाणं किंवा चांगलं भाषण द्या. नावडत्या पात्रावर मेहनत घेतली की विडंबनाला वजन येतं.

लांबी आवरा. तीन तास हे या नाटकाचं बलस्थान नाही. दुसऱ्या अंकाचा मधला भाग सहज वीस मिनिटांनी कमी करता आला असता.

याचे पुढचे भाग आहेत म्हणे?

दोन. ‘अ व्हेरी पॉटर सिक्वेल’ मे २०१० मध्ये त्याच विद्यापीठात झाला आणि जुलैत यूट्यूबवर आला. यात कालचक्र वापरून गोष्ट मागे, हॅरीच्या पहिल्या वर्षात जाते. व्हॉल्डेमॉर्ट झालेला जो वॉकर इथे अंब्रिज बाईंचं काम करतो. पुष्कळ लोकांना हा भाग पहिल्याहून जास्त आवडतो. माझं मत वेगळं आहे. गाणी सुबक झाली, नट सरावले, पण क्विरेलच्या गोष्टीसारखा गाभा यात नाही.

‘अ व्हेरी पॉटर सीनियर इयर’ ऑगस्ट २०१२ मध्ये शिकागोला चाहत्यांच्या एका मेळाव्यात एकदाच झाला. सगळे नट तोवर आपापल्या कामात गुंतलेले, तालमीला वेळ नाही, म्हणून हातात संहिता धरून त्यांनी तो सादर केला. याला नाटक म्हणण्यापेक्षा निरोपसमारंभ म्हणावं. त्यात लूनाचं काम इव्हाना लिंचने केलं, म्हणजे सिनेमात लूना झालेल्या त्याच अभिनेत्रीने. अधिकृत सिनेमातली नटी चाहत्यांच्या विडंबनात आपलीच भूमिका पुन्हा करते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

त्या मुलांचं पुढे काय झालं?

डॅरेन क्रिस २०१० मध्ये ‘ग्ली’ या मालिकेत आला आणि घराघरांत पोचला. जानेवारी २०१२ मध्ये तो ब्रॉडवेवर ‘हाऊ टू सक्सीड’ या संगीतिकेत तीन आठवडे उभा राहिला, आणि तो कुणाच्या जागी आला होता? डॅनियल रॅडक्लिफच्या. सिनेमातल्या हॅरीची जागा विडंबनातल्या हॅरीने घेतली. पुढे त्याला २०१८ मध्ये एमी आणि २०२५ मध्ये ‘मेबी हॅपी एंडिंग’साठी टोनी पुरस्कार मिळाला. लँग बंधू आणि बाकीची मंडळी स्टारकिडमध्ये राहिली. त्यांचं २०१८ चं ‘द गाय हू डिडन्ट लाइक म्युझिकल्स’ हे पूर्णपणे स्वतःचं नाटक आहे, जरूर बघा.

इंग्रजी फार भरभर बोलतात. कळेल का?

पहिली दहा मिनिटं कान बसायला लागतात. उच्चार अमेरिकन, बोली कॉलेजची, त्यात ध्वनिमुद्रण कच्चं. काही ठिकाणी प्रेक्षकांच्या हशात वाक्यं बुडतात. सबटायटल लावा, हेडफोन वापरा. गाण्यांचे शब्द आधी वाचून ठेवले तर बराच फरक पडतो, निदान ‘डिफरंट अ‍ॅज कॅन बी’ आणि ‘टू डान्स अगेन’ या दोघांचे तरी.

एका बैठकीत तीन तास जमत नाहीत. कसं बघू?

पहिला अंक एका रात्री, दुसरा दुसऱ्या रात्री. सुरुवातीचं ‘गोइंग बॅक टू हॉगवर्ट्स’ गाळू नका, सगळी पात्रं तिथेच भेटतात. सुटी सुटी गाणी बघून नाटक पाहिल्यासारखं होत नाही, ताटातुटीचा प्रसंग तर अजिबात कळत नाही. आणि शक्यतो पुस्तकं वाचलेल्या कुणाला तरी सोबत घेऊन बसा, कारण दर दोन मिनिटांनी थांबवून बोलावंसं वाटणारच.